एकोणिसाचा छेद आणि शंकराचार्य

पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य स्वामी भारतीकृष्ण तीर्थ यांचा जन्म १८८४ सालचा, तिरुनेलवेलीचा; परंतु त्यांच्या गणिताचा वारसा सांभाळला तो नागपूरने. पूर्वाश्रमीचे वेंकटरमण हे संस्कृत, गणित, इतिहास अशा अनेक विषयांत पारंगत होते. काही काळ राजमहेंद्रीला प्राचार्यपद भूषवून ते शृंगेरीस गेले. तेथे १९११ ते १९१८ या काळात केलेल्या साधनेतून सोळा सूत्रे गवसली, असे ते सांगत. १९१९ साली काशीस संन्यास, १९२५ मध्ये पुरीचे पीठ. १९५३ साली त्यांनी नागपुरात श्री विश्वपुनर्निर्माण संघ स्थापन केला. चिंतामणराव देशमुखांनी त्याचे उपाध्यक्षपद भूषविले होते.

स्वामीजींचा आवडता विषय म्हणजे आवर्ती दशांश. एकास एकोणिसाने भागा. अठरा अंकांचे आवर्तन मिळते. स्वामीजी भागाकार करीतच नसत. उजवीकडे १ मांडावा आणि डावीकडे दुप्पट करीत जावे : २, ४, ८, मग १६ चे ६ व हातचा एक, पुढे १३ चे ३. अशा रीतीने ०५२६३१५७८९४७३६८४२१ हे अंक तयार होतात. या अंकांचे दोन समान भाग करून बेरीज केली, तर नऊ वेळा नऊ येतात!

यात गूढ काही नाही. वीसला एकोणिसाने भागले की बाकी एक उरते, म्हणून दोनाचा गुणक चालतो. २९ साठी तीन, ५९ साठी सहा. मात्र १००९ सारखी मोठी मूळ संख्या घेतली की गुणक १०१ होतो आणि तोंडी हिशेबाची गंमत सरते. शिवाय आवर्तन किती लांब, हे ही युक्ती सांगत नाही. ५९ चे आवर्तन पुरते ५८ अंकांचे, तर ७९ चे अवघ्या १३ अंकांत संपते. गाऊसने १८०१ मध्येच या आवर्तनांचा अभ्यास मांडला होता. पूर्ण लांबीचे आवर्तन देणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न आजही अनिर्णित आहे.

वाद पेटला तो ‘वैदिक’ या शब्दावरून. १९५० मध्ये लखनौला कृपाशंकर शुक्ल यांनी अथर्ववेदाचे परिशिष्ट पुढे ठेवून सूत्रे कोठे आहेत असे विचारले. ती आपल्या परिशिष्टात आहेत, असे उत्तर स्वामीजींनी दिले. ग्रंथाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीही ज्ञात परिशिष्टांत ती नसल्याचे नमूद केले. हा प्रांजळपणा पुढच्या प्रचारकांनी दाखविला असता तर बरे झाले असते.

सोळा सूत्रांवरील सोळा खंड एका शिष्याच्या घरी ठेवले होते. ते कायमचे हरवल्याचे १९५६ मध्ये निश्चित झाले. दृष्टी अधू झालेली असताना, १९५७ साली, स्वामीजींनी स्मरणातून एकच खंड लिहिला. १९५८ च्या अमेरिका दौऱ्यात त्याची टंकलिखित प्रत प्रकाशनासाठी तेथेच ठेवली. २ फेब्रुवारी १९६० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रत परत आली ती त्यानंतर. नागपूरच्या शिष्या मंजुला त्रिवेदी यांनी पाठपुरावा केला आणि १९६५ साली ग्रंथ छापून झाला.