विश्लेषण : फोटोंमुळे जंगल वाचू शकते का? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी काय करून दाखवले?

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग सोडून कोल्हापूरच्या दिशेने वळले, की पाली, नाणीज, साखरपा मागे टाकत रस्ता आंबा घाटात चढतो. पावसाळ्यात या घाटात धबधबे, धुके आणि दरी टिपण्यासाठी मोबाइल सरसावलेले असतात. घाटाच्या उत्तरेला सह्याद्रीच्या रांगेत चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. येथे काढलेले बहुतेक फोटो स्टेटसवर २४ तास राहतात आणि विसरले जातात. मात्र अमेरिकेतील एका छायाचित्रकाराच्या डोंगरदऱ्यांच्या फोटोंचे पुस्तक थेट राष्ट्राध्यक्षांच्या हातात पडले आणि पुढे तोच परिसर राष्ट्रीय उद्यान झाला. त्या छायाचित्रकाराचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्यांनी हे कसे साधले आणि त्यांच्या फोटोंच्या चौकटीबाहेर काय राहिले, याचा हा आढावा.

कोण होते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स?

अ‍ॅडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. आजोबांचा लाकडाचा मोठा व्यवसाय होता. १९०६ च्या भूकंपानंतरच्या धक्क्यात चार वर्षांचे अ‍ॅन्सेल पडले आणि त्यांचे नाक मोडले. ते आयुष्यभर वाकडेच राहिले. १९०७ च्या आर्थिक संकटानंतर घरची श्रीमंतीही ओसरली.

शाळेत त्यांचे मन रमत नव्हते. बाराव्या वर्षी वडिलांनी त्यांना शाळेतून काढून घरीच शिकवण्यास सुरुवात केली. १९१५ मध्ये शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनाचा वर्षभराचा पास काढून दिला आणि रोज तेथे जाऊन पाहा, शिका, असे सांगितले. याच काळात त्यांना पियानोची गोडी लागली. वादक होण्याचे स्वप्न पुढे दीड दशक त्यांच्यासोबत होते.

कॅमेरा हातात कधी आला?

१९१६ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात सहलीला गेले. आईवडिलांनी १४ वर्षांच्या मुलाला कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. त्यानंतर अ‍ॅडम्स आयुष्यभर दर वर्षी योसेमिटीला जात राहिले. १९१९ मध्ये ते ‘सिएरा क्लब’ या निसर्गरक्षण संस्थेचे सदस्य झाले. पुढे चार उन्हाळे त्यांनी संस्थेच्या योसेमिटीतील वास्तूची देखभाल केली. पाठीवर कॅमेऱ्याचे ओझे घेऊन डोंगर चढणे, हा त्यांचा दिनक्रम झाला. योसेमिटीतच चित्रकार हॅरी बेस्ट यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या घरी पियानो होता. बेस्ट यांची मुलगी व्हर्जिनिया यांच्याशी अ‍ॅडम्स यांनी १९२८ मध्ये विवाह केला.

पियानो की कॅमेरा, हा निर्णय १९३० मध्ये झाला. न्यू मेक्सिकोत त्यांची छायाचित्रकार पॉल स्ट्रँड यांच्याशी भेट झाली. स्ट्रँड यांच्या निगेटिव्ह पाहून अ‍ॅडम्स यांनी छायाचित्रण हेच आयुष्याचे काम ठरवले.

१९२७ मधील ‘त्या’ फोटोत वेगळे काय होते?

१० एप्रिल १९२७ रोजी अ‍ॅडम्स काही मित्रांसह बर्फातून चढत हाफ डोम या प्रचंड कातळासमोरच्या कड्यावर पोहोचले. तोपर्यंत बऱ्याच प्लेट वापरून झाल्या होत्या, फक्त दोन शिल्लक होत्या. त्या काळी एक फोटो म्हणजे एक काचेची प्लेट. चुकली तर दुसरी संधी नाही.

पहिल्या प्लेटवर त्यांनी नेहमीप्रमाणे पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. लगेच त्यांच्या लक्षात आले, की त्यात आकाश फिकट राखाडी येईल आणि समोरच्या कातळाची छाती दडपवणारी उंची जाणवणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर निवडला. लाल काच निळा प्रकाश अडवते. त्यामुळे कृष्णधवल फोटोत निळे आकाश जवळपास काळे येते आणि उन्हातला दगड उठून दिसतो. फोटो तसाच आला. शटर दाबण्यापूर्वीच अंतिम फोटो डोळ्यांसमोर उभा करायचा, ही त्यांची पद्धत येथे सुरू झाली.

पुढे १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींसह त्यांनी ‘एफ/६४’ हा गट स्थापन केला. एफ/६४ म्हणजे लेन्सचे अतिशय लहान छिद्र. छिद्र जितके लहान, तितके जवळचे गवत आणि दूरचा डोंगर दोन्ही एकाच वेळी स्पष्ट येतात. फोटो धूसर करून त्याला चित्राचे रूप देण्याची तेव्हाची फॅशन या गटाने नाकारली.

‘झोन सिस्टीम’ म्हणजे काय?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हुशार नसतो. समोर बर्फ असो वा कोळसा, तो दोन्ही मध्यम राखाडी समजून मोजतो. आंबा घाटातला पांढरा धबधबा आणि काळा कातळ एकाच फोटोत आला, की मोबाइललाही हीच अडचण येते. पाणी पांढरेफटक होते किंवा कातळ काळाठिक्कर पडतो.

यावर अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजलिस येथे शिकवताना एक पद्धत बसवली. पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा ११ पायऱ्या. प्रत्येक पायरीला प्रकाश दुप्पट होतो. पाचवी पायरी मध्यम राखाडी. दृश्यातील कोणता भाग कोणत्या पायरीवर हवा, हे आधी ठरवायचे. सावलीतला तपशील मिळेल इतका प्रकाश फिल्मवर घ्यायचा आणि उजळ भाग किती उजळ ठेवायचा, ते फिल्म धुण्याच्या वेळेवरून ठरवायचे.

आज मोबाइलमधील ‘एचडीआर’ वेगवेगळ्या प्रकाशातील फोटो जोडून हाच प्रश्न सोडवते. स्क्रीनवर उजळ भागाला बोट लावून एक्सपोजरची पट्टी थोडी खाली ओढणे, हे झोन सिस्टीमचेच सोपे रूप. फरक इतकाच, की अ‍ॅडम्स यांच्याकडे निर्णय छायाचित्रकार घेत असे, आता बहुतेक वेळा फोन घेतो.

किंग्ज कॅनियनचा वाद काय होता?

फोटो आणि निसर्गरक्षण यांचे नाते अ‍ॅडम्स यांच्याही आधीचे. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटीचे मोठे फोटो काढले. ते पूर्वेकडील शहरांत पाहिले गेले आणि १८६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे संरक्षित करण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

योसेमिटीच्या दक्षिणेला किंग्ज नदीचे खोरे आहे. त्याला संरक्षण मिळावे, ही मागणी १८९० च्या दशकापासून होती. मात्र पाणी आणि विजेसाठी येथे धरणे बांधण्याचे बेत होते. सिंचन, चराई आणि लाकूडतोड यांचे हितसंबंधही त्यात गुंतले होते. त्यामुळे प्रस्ताव दशकानुदशके अडकून पडला.

१९३४ मध्ये अ‍ॅडम्स सिएरा क्लबच्या संचालक मंडळावर निवडून आले. पुढे ३७ वर्षे ते या मंडळावर होते. १९३६ मध्ये संस्थेने त्यांना फोटो घेऊन वॉशिंग्टनला पाठवले. लोकप्रतिनिधींची भेट घेऊन त्यांनी हे खोरे कसे आहे ते दाखवले. खुद्द पाहणे बहुतेकांना शक्य नव्हते, कारण तेथे जायला धड रस्ताच नव्हता. लगेच निर्णय झाला नाही.

१९३८ मध्ये त्यांचे सिएरा नेवाडावरील पुस्तक अवघ्या ५०० प्रतींत निघाले. एक प्रत त्यांनी अंतर्गत खात्याचे मंत्री हॅरोल्ड इकिस यांना पाठवली. इकिस यांनी ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना दाखवली, तर रूझवेल्ट यांनी ती स्वतःकडेच ठेवून घेतली. मार्च १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला.

हे यश एकट्या पुस्तकाचे नव्हते. इकिस यांचा पाठपुरावा, सिएरा क्लबचे काम आणि विरोधकांशी झालेल्या तडजोडी त्यामागे होत्या. धरणाची शक्यता असलेली दोन खोरी तेव्हा उद्यानाबाहेर ठेवण्यात आली. ती १९६५ मध्ये सामील झाली. पण कागदावरच्या वादाला चेहरा दिला तो या फोटोंनी. ते योग्य माणसापर्यंत, योग्य वेळी पोहोचले.

‘मूनराइज’ कसा टिपला गेला?

१९४१ मध्ये अंतर्गत खात्याने राष्ट्रीय उद्यानांचे फोटो काढण्यासाठी अ‍ॅडम्स यांची नेमणूक केली. युद्धामुळे हे काम १९४२ मध्ये थांबले. याच दौऱ्यात न्यू मेक्सिकोतील हर्नान्डेझ गावाजवळ त्यांना रस्त्यावरून उगवलेला चंद्र आणि मावळतीच्या उन्हात चमकणारे दफनभूमीतील क्रूस दिसले. त्यांनी गाडी थांबवली. प्रकाशमापक सापडेना. चंद्राची प्रकाशमानता त्यांना पाठ होती, त्यावरून त्यांनी हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्याआधीच क्रूसांवरचे ऊन गेले. तारखेची नोंद त्यांनी ठेवली नव्हती. पुढे खगोलशास्त्रीय गणिताने चंद्राच्या स्थानावरून ती १ नोव्हेंबर १९४१ अशी काढण्यात आली.

निगेटिव्ह हाती आली, की अर्धेच काम झाले, असे ते मानत. संगीतातल्या लिखित स्वरांप्रमाणे निगेटिव्ह आणि वादनाप्रमाणे प्रिंट, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे ‘मूनराइज’ त्यांनी अनेक दशके पुन्हा पुन्हा छापला आणि आकाश अधिकाधिक गडद होत गेले.

फोटोत माणसे का नाहीत?

अ‍ॅडम्स यांच्यावरील टीकेचा रोख येथे आहे. जगात मंदी आणि युद्ध असताना ते दगड आणि झाडे टिपतात, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. तो पूर्णपणे खरा नव्हता. महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना छावण्यांत डांबण्यात आले. सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या मान्झानार छावणीत जाऊन १९४३ पासून अ‍ॅडम्स यांनी त्यांचे फोटो काढले आणि १९४४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. युद्ध सुरू असताना हे धाडसाचे होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. योसेमिटी कधीच निर्मनुष्य नव्हते. तेथील अवानिची आदिवासींच्या खोऱ्यात १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी शिरली आणि त्यांना हुसकावण्यात आले. जे परतले त्यांची उद्यानातील अखेरची वस्ती १९६९ मध्ये हटवण्यात आली. अ‍ॅडम्स यांच्या गाजलेल्या योसेमिटी फोटोंत मात्र फक्त कातळ, ढग आणि पाणी दिसते. अस्पर्श निसर्गाची ही प्रतिमा जगभर रूढ झाली.

चांदोलीच्या संदर्भात हे महत्त्वाचे का?

अ‍ॅडम्स यांचे २२ एप्रिल १९८४ रोजी निधन झाले. त्याच वर्षी सिएरा नेवाडातील एका संरक्षित अरण्याला त्यांचे नाव देण्यात आले. ‘व्हॉयेजर’ यानांवरील ध्वनिमुद्रिकेत त्यांचा टेटन पर्वत आणि स्नेक नदीचा फोटो १९७७ पासून अंतराळात प्रवास करत आहे.

चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. मात्र वारणेवरील धरण आणि नंतर अभयारण्य यांसाठी येथील गावांना उठावे लागले. जंगलात आजही जुन्या वस्त्यांच्या खुणा आहेत. पुनर्वसनाचे प्रश्न अनेक वर्षे आंदोलनांचा विषय राहिले.

आंबा घाटातून दिसणाऱ्या हिरव्या रांगेच्या फोटोत हे काहीच दिसत नाही. सुंदर फोटो जंगल वाचवायला मदत करतो, हे अ‍ॅडम्स यांनी सिद्ध केले. त्याच फोटोत तेथे राहून गेलेल्या माणसांनाही जागा देणे, हे त्यांच्या नंतरच्या छायाचित्रकारांसाठी उरलेले काम आहे. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात असल्याने ते कोणालाही करता येण्यासारखे आहे.