कलामहर्षी बाबूराव पेंटर

पिक्चरला जायचं ठरलं की आपण आधी काय बघतो? पोस्टर! आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या पोस्टर्सपैकी अगदी जुनं म्हणून 'कल्याण खजिना' (१९२४) चं नाव घेतलं जातं. तो चित्रपट आपल्या कोल्हापुरात तयार झाला आणि तो काढणारे होते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर.

त्यांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापुरातल्या एका कारागिराच्या घरातला. चित्रकला आणि शिल्पकला बाबूराव आपली आपणच शिकले. चुलतभाऊ आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्या काळी या दोघांच्या पडद्यांना मोठी मागणी होती. पुढे फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पाहिला आणि दोघांना एकच ध्यास लागला, आपणही चित्रपट काढायचा. पण कॅमेरा कुठून आणायचा? मग ठरलं, घरीच बनवायचा! दुर्दैवाने १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी हार मानली नाही. यंत्रकामात तरबेज असलेले शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा पुरा केला. ना इंजिनिअरिंगची डिग्री, ना वर्कशॉपची टर्म! (आपण जर्नल पूर्ण करताना किती कुरकुर करतो ते आठवा.)

गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, छत्रपती शाहू महाराजांचा आधार मिळाला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली पुण्यात 'सैरंध्री' झळकला. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की काही प्रेक्षकांना भोवळ आल्याचं सांगतात. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या काळी मूकपटाला येणारा माणूस पडद्यावर काहीतरी हललं तरी खूष होऊन घरी जायचा. त्याच्यासाठी आणखी काही करायची गरजच नव्हती. बाबूरावांनी ते केलं. चित्रपटाची माहिती आणि फोटो असलेली पुस्तिका ते छापायचे. म्हणजे बोलपट नसलेल्या जमान्यात प्रेक्षकाच्या हातात वाचायला काहीतरी असायचं, खेळ संपल्यावर घरी न्यायलाही! जाहिरातीची पोस्टर्स स्वतः रंगवायचे, तीही अशी की रस्त्याने जाणारा थबकलाच पाहिजे. खिशात तिकिटाला पैसे नसले तरी तेवढा आनंद फुकटात मिळायचा. पोशाखांची चित्रं आधी स्वतः काढायचे. रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी खरी खोली वाटावी असे सेट उभारायचे. एवढी वर्षं पडदेच रंगवून पोट भरलेल्या माणसाने पडदे बाजूला सारावेत, हे विशेषच.

'सिंहगड' (१९२३) मध्ये रात्रीच्या लढाईसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्या चित्रपटाला एवढी गर्दी झाली की सरकारचं लक्ष तिकडे गेलं आणि करमणूक कर आला, असं म्हणतात. 'सावकारी पाश' (१९२५) मध्ये मात्र देव-राजे सोडून कर्जात बुडालेला शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. तो तरुण शेतकरी म्हणजे व्ही. शांताराम.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही घडवलेली माणसं बाहेर पडली आणि त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' काढली. गुरूची कंपनी पुढे फार दिवस टिकली नाही. त्यातच बोलपट आला. आवाजामुळे इतक्या कष्टाने कमावलेली दृश्यकला मरेल, असं बाबूरावांना वाटायचं. तरी 'उषा', 'प्रतिभा' आणि १९३६ साली 'सावकारी पाश'ची बोलती आवृत्ती त्यांनी काढलीच. मन मात्र पुन्हा रंगात आणि शिल्पात रमलं. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेकांची रिळं आज नाहीत. 'कल्याण खजिना'चं पोस्टर तेवढं मागे राहिलं.