कृपासदनाची आई : पंडिता रमाबाई



दरवर्षी ८ फेब्रुवारीला, संत जोसेफिन बखिता हिच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठी प्रार्थना करते. सुदानच्या बखिताला लहानपणीच पळवून गुलाम म्हणून विकले होते. आपल्या महाराष्ट्रातही अशा मुलींसाठी एका मातेने आयुष्य वेचले. आज तिची ओळख करून घेऊ या.

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले व आईने ती विद्या रमाबाईंना दिली. पुढे दुष्काळात आईवडील व बहीण दगावली. रमाबाई भावासोबत उपाशीपोटी गावोगाव हिंडल्या. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. १८८० साली विवाह झाला, पण दोन वर्षांतच पती वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व तेथे अँग्लिकन पंथात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनमधील फुलहॅम येथे त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजाने 'पतित' ठरविलेल्या स्त्रियांची सेवा तेथील सिस्टर्स प्रेमाने करीत होत्या. हे प्रेम कोठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना प्रभू येशू व विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांची भेट सांगण्यात आली. ती गोष्ट त्यांच्या मनात कायमची रुजली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढे ते पुण्यास नेले. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. परंतु रमाबाई खचल्या नाहीत.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अनाथ मुलींना अन्नाचे आमिष दाखवून पळविणारे लोक तेथे फिरत आहेत, हे त्यांना समजले. स्वतः दुष्काळ भोगलेल्या रमाबाई तडक तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. दौंडजवळील केडगावी मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथील संख्या दीड हजाराच्या वर गेली.

वाईट मार्गाला लावल्या गेलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी तेथे कृपासदन हे वेगळे घर बांधले. रमाबाईंनी केवळ जेवण व निवारा दिला नाही. विणकाम, शिवणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, छापखान्याचे काम अशी कौशल्ये शिकविली. पूर्वी आश्रयाला आलेल्या कित्येकजणी पुढे तेथेच शिक्षिका झाल्या. कालपर्यंत जिला कोणी दारात उभे केले नसते, तिच्या हाती आता इतर मुली सोपविल्या जात होत्या.

१९२१ साली मनोरमा वारली. तरीही रमाबाईंनी मराठी बायबलच्या भाषांतराचे काम तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्ती मिशनचे कार्य आजही चालू आहे.

सातपाटीकरांनो, नोकरीच्या वा लग्नाच्या भूलथापा आजही दिल्या जातात. एखादे बालक संकटात दिसले तर १०९८ वर फोन करावा. पण सुटका झालेली मुलगी गावी परतली, की खरी परीक्षा आपली असते. धक्क्यावर, मासळीबाजारात, चर्चच्या आवारात तिच्याविषयी कुजबुज होणार, की तिला हाताला काम आणि आपल्या शेजारी बाकावर जागा मिळणार? ह्या आठवड्यात आपापल्या घरी आपण ह्याचा विचार करू या.