हाईम सॅम्युएल केहिमकर

हाईम सॅम्युएल केहिमकर (जन्म १८३०) हे कोकणातील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाचे इतिहासकार, शिक्षणप्रसारक आणि मुंबईतील ‘इस्रायलाइट स्कूल’ या शाळेचे संस्थापक होते. त्यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेला बेने इस्रायलांचा इंग्रजी इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. या समाजाविषयीच्या पुढील बहुतेक लेखनाचा तो आधार ठरला.

जीवन आणि शिक्षणकार्य

केहिमकर घराण्याचे आडनाव अलिबागजवळच्या किहीम गावावरून पडले आहे. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव घेण्याची कोकणी रीत बेने इस्रायलांनी पूर्णपणे आपलीशी केली होती. तेल गाळणे हा त्यांचा जुना धंदा. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात यांतील अनेक कुटुंबे मुंबईत आली आणि लष्करात, कचेऱ्यांत व बांधकामाच्या कामांत स्थिरावली. हिब्रू भाषेचे ज्ञान मात्र समाजात फार थोड्यांना होते. जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. स्वधर्माची भाषा परधर्मीयाकडून शिकावी लागावी, ही स्थिती समाजातील जाणत्यांना बोचणारी होती.

केहिमकरांच्या शिक्षणकार्याची पार्श्वभूमी ही आहे. १८७५ साली त्यांनी बेने इस्रायल मुलांसाठी शाळा सुरू केली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशन या संस्थेचे साहाय्य तिला लाभले. १८९२ साली त्यांनी समाजाच्या इतिहासाची एक रूपरेषा शिक्षणाच्या आवाहनासह इंग्रजीत प्रसिद्ध केली. मुंबईच्या माझगाव भागातील ही शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

मातीच्या भांड्याचा सण

केहिमकरांच्या ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग, प्रस्तुत लेखकाच्या मते, राजघराण्यांचा किंवा लढायांचा नसून सणांच्या नावांचा आहे. शतकानुशतके धर्मग्रंथ हाताशी नसताना बेने इस्रायलांनी सण पाळले, पण त्यांची हिब्रू नावे ते विसरले. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. योम किप्पूरच्या दिवशी दारे लावून घरातच उपवास करीत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’ झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’ हे नाव मिळाले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा स्मरणदिन ‘बिरड्याचा सण’ या नावाने ओळखला जाई. (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ म्हणजे बिरडे. विदर्भातील वाचकास हा शब्द कदाचित अपरिचित असेल.)

या यादीत पेसाह, म्हणजे मराठी बायबलातील वल्हांडण, या सणाचे नाव विशेष लक्षवेधी आहे. ते ‘अनाशी ढाकायचा सण’ असे सांगितले जाते. अनास म्हणजे कालवणात वापरायचा आंबट द्रव साठवलेले मातीचे मडके, आणि ढाकणे म्हणजे झाकणे. पेसाहच्या काळात आंबवलेले अन्न घरात चालत नाही. कोकणातील घरात भाकरी तांदळाची, ती मुळातच न आंबवलेली. त्यामुळे हा नियम पाळण्यासारखी आंबट वस्तू स्वयंपाकघरात उरली ती त्या मडक्यातलीच. ते झाकले की सण पाळला गेला. इजिप्तमधून झालेल्या सुटकेची कथा आठवत नसलेल्या घरातही मडक्याचे तोंड मात्र नेमाने बंद होत राहिले.

मातीचे भांडे येथे योगायोगाने आलेले नाही. लेवीय या ग्रंथात धातूच्या आणि मातीच्या भांड्यांत स्पष्ट भेद केलेला आहे. धातूचे भांडे घासून, धुऊन शुद्ध करता येते. मातीचे विटाळले तर ते फोडावे लागते, कारण माती आत शिरलेले शोषून घेते. म्हणूनच जगभरच्या अनेक ज्यू घरांत पेसाहची भांडी वेगळी ठेवतात. अन्यत्र या सणासाठी खास नक्षीदार ताटेही घडली. स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी होण्याच्या थोडेच आधी, सुमारे १४८० साली, तेथे घडलेले झिलईदार मातीचे एक ताट जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे. त्यावर हिब्रू अक्षरे आहेत. कोकणातल्या मडक्यावर एकही अक्षर नव्हते, आणि तरीही त्याने तेच काम केले.

स्वयंपाकघराचा पुरावा केहिमकरांच्या ग्रंथात आणखी एका ठिकाणी येतो. कोचीनहून आलेल्या डेव्हिड राहाबी या विद्वानाने या लोकांची परीक्षा घेण्यासाठी घरातील स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले, आणि त्यांनी पर व खवले असलेलेच मासे निवडले, अशी कथा आहे. राहाबीचा काळ केहिमकरांनी सुमारे हजार वर्षे मागे नेला. आजचे अनेक अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील मानतात. आपले पूर्वज इ.स. पूर्व १७५ च्या सुमारास नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचले, हे त्यांचे अनुमानही सिद्ध झालेले नाही. कालगणना हा त्यांच्या इतिहासाचा कच्चा भाग आहे. सणांच्या नोंदीचे मोल त्यामुळे उणावत नाही.

ग्रंथाचे प्रकाशन आणि नंतरचा वाद

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केहिमकरांचे निधन झाले. ग्रंथाचे हस्तलिखित तोवर छापले गेले नव्हते. इमॅन्युएल ओल्स्वांगर यांनी त्याचे संपादन केले आणि १९३७ साली ते तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाले.

हा इतिहास लिहिण्यामागे एक जुनी जखम होती. मुंबईतील बगदादी ज्यूंपैकी अनेकजण बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेत. ती शंका केहिमकरांबरोबर संपली नाही. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांवर तेथील धर्मपीठाने १९६० नंतर अटी घातल्या, तेव्हा ती नव्याने उभी राहिली. समाजाने निदर्शने केली, आणि १९६४ साली बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू असल्याचे मान्य करण्यात आले.