रावबहादूर सीताराम केशव बोले : सार्वजनिक पाण्याच्या हक्काचे एक पुरस्कर्ते

चिखलोलीच्या धरणाचे पाणी अंबरनाथमधील घरांत नळाने येते. तोटी फिरविली की घागर भरते; त्या पाण्यावर जातीची पाटी नसते. हे आज आपणांस इतके स्वाभाविक वाटते की, सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे असा ठराव एके काळी कायदे कौन्सिलात मांडावा लागला होता, ह्याची आठवणही राहत नाही. तो ठराव मांडणारे गृहस्थ आपल्या भंडारी ज्ञातीचे होते. दादरला पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाताना ज्यांच्या नावाचा रस्ता लागतो, ते रावबहादूर सीताराम केशव बोले हेच होत. चिखलोली, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील ज्ञातिबांधवांच्या नव्या पिढीस त्यांच्या कार्याची ओळख व्हावी, ह्या हेतूने आम्ही हे अल्पचरित्र सादर करीत आहो.

बोले यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो काळ आपल्या ज्ञातीस मोठा कठीण होता. माड छेदून माडी काढणे हा अनेक कुटुंबांचा पिढीजाद व्यवसाय. परंतु १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर कराचे व परवान्याचे ओझे पडले. शिक्षण बेताचे आणि पोटजातींचे भेद मात्र पुष्कळ. कित्ते भंडारी ऐक्यवर्धक मंडळीच्या द्वारे बोले यांनी प्रथम स्वज्ञातीच्या ऐक्याचे व शिक्षणाचे काम हाती घेतले. ज्यांच्या हाती कायदा नाही त्यांना कायदा कसा जाचतो, हे त्यांनी आपल्याच माणसांत पाहिले होते.

पण त्यांची दृष्टी ज्ञातीच्या कुंपणाशी थांबली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आलेला सर्व जातींचा मजूर राबत होता. त्याच्या हितासाठी १९०९ साली जी कामगार हितवर्धक सभा स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत व प्रमुख चालकांत बोले होते. त्याआधी १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी मॅट्रिक झाला. अस्पृश्य समाजातील मुलाचे हे यश त्या काळी दुर्मीळ होते. त्याच्या अभिनंदनार्थ भरलेल्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले आणि विद्वान ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. पुढे त्या मुलाचे व बोले यांचे कार्य एकाच तळ्याच्या काठी येऊन मिळावयाचे होते.

मुंबई कायदे कौन्सिलाचे सभासद झाल्यावर ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांनी आपला प्रसिद्ध ठराव मांडला व तो संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गास खुली असावीत, असा त्याचा आशय होता. ठरावाचे बळ त्याच्या साधेपणात होते. त्यात धर्मशास्त्राचा वाद घातलेला नव्हता. जे सर्वांच्या पैशाने चालते ते सर्वांचे, एवढेच त्यात म्हटले होते. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे वागण्याची आज्ञा केली.

तथापि ठराव म्हणजे केवळ शिफारस, कायदा नव्हे. कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले, पण प्रत्यक्षात तळ्यावर पाऊल ठेवण्याची कोणाची छाती झाली नाही. इतर अनेक ठिकाणी तर कागदही हलला नाही. दुसरा कोणी असता तर ठराव संमत झाल्याच्या समाधानात घरी बसला असता. बोले ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा उभे राहिले आणि जी नगरपालिका वा स्थानिक संस्था हा ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव त्यांनी मांडला. उपदेशाने जे होत नाही ते तिजोरीची किल्ली फिरविल्याने होते, हे त्यांनी ओळखले होते.

ह्याच सुमारास त्यांनी आणखी एका बंधनास हात घातला. घरच्या मंगलकार्यास वतनदार जोशास न बोलाविता कोणी ते पार पाडले, तरी जोशाची दक्षिणा यजमानास चुकत नसे. न्यायालयेही असे दावे मान्य करीत. बोले यांच्या विधेयकातून १९२६ साली कायदा झाला आणि न केलेल्या कामाचा मोबदला मागण्याचा हा वतनी हक्क संपला. आपल्या घरचा विधी कोणाकडून करवावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यामुळे बहुजनसमाजास मिळाले.

महाडचा प्रश्न मात्र कौन्सिलात सुटण्यासारखा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक परिषदेच्या मंडपातून निघाले, चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे ह्यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याची शुद्धी करण्यात आली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. डिसेंबरात काही स्पृश्य गृहस्थांनी तळे खासगी असल्याचा दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. न्यायालयाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी त्या महिन्यातील सत्याग्रह तहकूब केला व लढा न्यायासनापुढे नेला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली दावा फेटाळला; त्यावरील अपील आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, ठाण्याच्या न्यायालयात चालले व जानेवारी १९३३ मध्ये तेही नामंजूर झाले. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय दिला. एका घोटासाठी दहा वर्षे लागली.

ह्या लढ्यात बोले यांचे स्थान कोणते, हे नेमके समजून घेतले पाहिजे. तळ्यावर जाण्याचे धैर्य त्यांचे नव्हे. ते ज्यांनी मार खाल्ला त्यांचे. पण पाणी प्यावयास गेलेला माणूस चोरून नव्हे तर हक्काने गेला, असे म्हणता येण्यास ज्या ठरावाचा आधार होता तो बोले यांचा होता. कौन्सिलातील ठराव लोकांच्या पावलांवाचून निर्जीव राहिला असता, आणि ती पावले न्यायालयाच्या निकालावाचून पुन्हा मागे रेटली गेली असती.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट ह्यांच्या वापरात जातीवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. त्या कलमात १९२३ च्या ठरावाचा आशय वाचणाऱ्यास सहज ओळखू येतो. १९५५ साली अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा सांगणारा कायदा झाला. पुढे त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. घटना व तो कायदा दोन्ही पाहूनच १९६१ साली, नव्वदी ओलांडल्यावर, रावबहादुरांनी देह ठेवला.

ज्ञातीच्या स्मरणिकेत थोर ज्ञातिबांधवाचे गुणगान करणे सोपे असते. परंतु बोले यांचे नाव मोठे झाले ते ज्यांना आपलेही पूर्वज पाणवठ्यावर दूर उभे करीत, त्यांच्यासाठी त्यांनी जे केले त्यामुळे. हे कबूल केल्यावाचून त्यांचा अभिमान बाळगण्याचा अधिकार आपणांस पोहोचत नाही. आपल्या वस्तीतील मंदिर, सभागृह, भाड्याची खोली, लग्नाची पंगत येथे कोणास जातीवरून अडविले जाते काय, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावा. उत्तर होकारार्थी आले, तर रावबहादुरांचा ठराव आपल्या दारात अजून संमत व्हावयाचा आहे, असे समजावे.