जॉन रोब्लिंग : पुलाला हलू देणारा इंजिनिअर

वैशाखात आपल्या बऱ्हाणपुरात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि पौषात पहाटे दहाच्या आसपास उतरतो. या फरकाचा ताप माणसांना होतो तसा लोखंडालाही होतो. एक किलोमीटर लांबीचे पोलाद दर अंशाला सुमारे १२ मिलिमीटर वाढते. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाने ४२ सेंटिमीटर, जवळजवळ एक हात! जुन्या रुळांच्या सांध्यांत फट ठेवत ती याचसाठी. पण तारांवर टांगलेल्या झुलत्या पुलाचे काय? अखंड तारेत फट कशी ठेवणार? आपली न्यू जर्सीतली मुले भेटीला आलेल्या आईवडिलांना ज्या ब्रुकलिन पुलावर हौसेने फिरायला नेतात, त्या पुलाचे जनक जॉन रोब्लिंग यांची ओळख आम्ही या निमित्ताने करून देत आहोत.

रोब्लिंग यांचा जन्म १२ जून १८०६ रोजी जर्मनीतल्या म्यूलहाउझेन या गावी झाला. बर्लिनला स्थापत्यशास्त्र शिकून ते सरकारी रस्त्यांच्या कामावर लागले. पण तिथे नव्या कल्पनांना वाव नव्हता. १८३१ मध्ये भावासह ते अमेरिकेला गेले आणि पेन्सिल्व्हेनियात सॅक्सनबर्ग हे गाव वसवून शेती करू लागले. शेती काही साधली नाही; ते पुन्हा मोजणीच्या व कालव्यांच्या कामाकडे वळले. तिथे डोंगरावर ओढल्या जाणाऱ्या गाड्यांचे तागाचे जाड दोर तुटताना त्यांनी पाहिले आणि १८४१ मध्ये लोखंडी तारांचा दोर तयार केला. १८४९ मध्ये कारखाना न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनला नेला.

झुलता पूल ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. आपल्या मध्य प्रदेशातही सागरजवळ १८३० साली इथल्याच लोखंडाचा झुलता पूल झाला होता. मात्र असा पूल आगगाडी पेलेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. रोब्लिंग यांनी १८५५ मध्ये नायगारावर २५० मीटरचा पूल बांधून त्यावरून गाडी नेली. पुढे १८६६ मध्ये सिनसिनाटीचा ३२२ मीटरचा पूल पुरा झाला.

त्यांच्या पुलाचा केबल म्हणजे पिळलेला दोर नव्हे. आपल्या मागावरच्या ताण्यासारख्या हजारो तारा एकमेकींशेजारी समांतर मांडून, बांधून तो करतात. ऊन चढले की तो लांबतो आणि मधला झोळ खाली येतो. त्याला टांगलेला रस्ताही उतरतो. थंडीत सगळे उलट होते. गंमत अशी, की केबल जितका लांबतो त्याच्या दुपटीहून अधिक झोळ उतरतो. ५०० मीटरच्या गाळ्यात ३० अंशांच्या फरकाने केबल सुमारे १८ सेंटिमीटर लांबला, तर मध्य जवळपास ४० सेंटिमीटर खाली येतो. ही हालचाल जबरदस्तीने रोखली तर मनोरे वाकतात, सांधे तुटतात. म्हणून ब्रुकलिनच्या मनोऱ्यांवर केबल ज्या सॅडलवर, म्हणजे खोगिरावर टेकतो, ती रोलरांवर बसवली आणि मुख्य गाळ्याच्या मध्यावर रस्त्याच्या पोलादी चौकटीत सरकता सांधा ठेवला. पूल मजबूत हवा, पण ताठर नको, हे या बांधणीचे मर्म.

रोब्लिंग स्वतः मात्र कमालीचे ताठर होते. २८ जून १८६९ रोजी पुलाची जागा पाहत असताना धक्क्याला लागणाऱ्या फेरीबोटीखाली त्यांच्या पायाची बोटे चिरडली. डॉक्टरांचे उपचार नाकारून जखमेवर पाणी सोडत राहण्याचा हट्ट त्यांनी धरला. धनुर्वात झाला आणि २२ जुलैला ते गेले. पुलाचे बांधकाम तेव्हा सुरूही झाले नव्हते.

ते मुलाने, वॉशिंग्टन यांनी, हाती घेतले. पाण्याखालच्या पायाच्या कामात, दाबाखालच्या हवेत उतरून उतरून १८७२ मध्ये तेही अंथरुणाला खिळले. मग त्यांच्या पत्नी एमिली गणित, केबलची बांधणी, पोलादाचे बळ हे सारे शिकल्या आणि घर व बांधकाम यांच्यामधला दुवा झाल्या. १८७८ मध्ये एका पुरवठादाराने निकृष्ट तार खपवल्याचे उघड झाले. बसवलेली तार काढता येईना. पण वडिलांनी केबलचे बळ गरजेच्या सहापट धरले होते. थोड्या जादा तारा घालून काम पुढे नेता आले.

२४ मे १८८३ रोजी ४८६ मीटर मुख्य गाळ्याचा तो पूल खुला झाला. तोवर जगात एवढा लांब गाळा नव्हता. लोकांची धास्ती जाईना, तेव्हा पुढच्या वर्षी सर्कसवाले बार्नम यांनी २१ हत्ती त्यावरून चालवत नेले. गजाननाच्या उत्सवात ही आठवण आम्हाला विशेष गोड वाटते.

सुनेने आणि मुलाने मिळून सासऱ्यांचे काम चौदा वर्षांत पुरे केले. आजही तो पूल उन्हात थोडा उतरतो, थंडीत थोडा चढतो आणि रोज हजारोंना पार नेतो.