वसईचा करार आणि पॅरिसचे वादळ

तुळिंजहून वसईचा किल्ला फार दूर नाही. नालासोपाऱ्याला मुंबईची गाडी पकडली की पुढचेच स्टेशन वसई रोड. पाहुणे आले की मी त्यांना हमखास किल्ला दाखवायला नेतो. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापुढे सारे हात जोडतात; १७३९ चा विजय सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच अप्पांच्या भावाचा नातू, दुसरा बाजीराव, याने याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी मराठी स्वातंत्र्य इंग्रजांना लिहून दिले, हा विषय कोणी काढत नाही. काढलाच तर 'पळपुटा' या एका शब्दात त्याचा निकाल लागतो. मला मात्र हा निकाल अपुरा वाटतो.

जानेवारी १७७५ मध्ये धारच्या किल्ल्यात बाजीराव जन्मला, तेव्हा वडील राघोबादादा परागंदा होते. दोनच महिन्यांनी त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. मुलाचे तारुण्य कैदेत गेले. कोणावरही विश्वास ठेवायचा नाही, हेच तो तिथे शिकला. डिसेंबर १७९६ मध्ये पेशवाईची वस्त्रे मिळाली, तीही कारस्थानांच्या गदारोळात.

इकडे शनिवारवाड्यात भाऊबंदकी रंगली असताना तिकडे युरोप पेटला होता. १७८९ ला फ्रान्समध्ये क्रांती झाली. १७९३ ला तिथल्या राजाचा शिरच्छेद झाला आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध जुंपले. १७९८ ला नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, तेव्हा तो आता हिंदुस्थानकडे वळणार, या धास्तीने इंग्रज हादरले. गव्हर्नर जनरल वेलस्लीने या भीतीचे राजकारण केले. १७९९ ला टिपू संपला. मग नजर वळली शिंद्यांच्या कवायती पलटणींकडे, कारण त्यांचा सेनापती पेराँ फ्रेंच होता.

१८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडाला. बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजाने वसईला पोचला. नाना फडणीस १८०० मध्येच गेले होते. सावध करणारे कोणी उरले नव्हते.

करारात सहा हजार इंग्रजी फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या संमतीने, अशी कलमे होती. आणखी एक कलम असे, की इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचा युरोपियन माणूस पेशव्याने चाकरीत ठेवू नये. या कलमात मला पॅरिसचे वादळ दिसते. बाजीरावाला गादी हवी होती. इंग्रजांना फ्रेंचांची वाट कायमची बंद करायची होती.

१३ मे १८०३ ला आर्थर वेलस्लीने त्याला पुण्याच्या गादीवर बसवले. पाचच दिवसांनी, १८ मे रोजी, इंग्लंडने फ्रान्सविरुद्ध पुन्हा युद्ध पुकारले. सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. ज्या पेराँची एवढी भीती घातली, तो त्याच महिन्यात इंग्रजांच्याच आश्रयाला गेला! आणि असईचा विजेता हाच आर्थर वेलस्ली १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनपुढे उभा राहिला, ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून.

नेपोलियनचा काटा निघाल्यावर इंग्रजांना येथे धाक कोणाचा? बाजीराव १८१७ ला खडकीला लढला, पण फार उशिरा. जून १८१८ मध्ये तो माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी ब्रह्मावर्तात त्याने बत्तीस वर्षे काढली आणि जानेवारी १८५१ मध्ये तो वारला. दत्तकपुत्र नानासाहेबांना तो तनखा इंग्रजांनी नाकारला; १८५७ ला त्याचे उत्तर कानपुरात मिळाले.

बाजीरावाचा दोष मी पुसत नाही. विठोजीचा सूड, दौलतीपेक्षा प्यारी झालेली गादी, हे त्याचेच. पण त्याला एकट्याला दूषणे देऊन आपण फार स्वस्तात सुटतो. शिंदे, होळकर, भोसले, सारेच एकमेकांचे हिशेब चुकते करण्यात दंग होते. जग कुठे चालले आहे, हे पाहायला कोणाला सवड नव्हती. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपल्याच भाषेतली. पण तो तिसरा सातासमुद्रापलीकडचे युद्ध आपल्या अंगणात लढतो आहे, हे कळायला आपल्याला राज्य गमवावे लागले.